गजभियेवहिनींचं लायसन

गजभियेवहिनी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाल्या, त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते. टेस्टच्या मैदानात लोखंडी पिंपं उभी केलेली असत आणि त्यांच्यामधल्या जागेत गाडी उलटी नेऊन लावायची असे. वहिनींनी मान पूर्ण मागे वळवून, जीभ दातांत धरून गाडी अगदी सावकाश नेली आणि शेवटी डावीकडचं पिंप पाडलं. पोलीस अधिकाऱ्याने त्यांना उतरायची खूण केली. त्या उतरल्या. पदर सारखा केला, पडलेलं पिंप स्वतः उचलून जागेवर ठेवलं आणि मग सावलीत उभ्या असलेल्या माझ्याकडे आल्या.

"पाडलं मी," त्या म्हणाल्या. "चला ताई. बस निघून गेली असन."

बस खरंच निघून गेली होती, आणि पुढची कधी येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत ज्यांनी बहरीन पाहिलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. देश एवढासा, पण रोज कुठे ना कुठे नवा रस्ता होत होता. सनाबिसच्या पुढे समुद्र बुजवून जमीन केली जात होती आणि तिच्यावर रुंदच्या रुंद रस्ते अंथरले जात होते. जुने राउंडअबाउट मोडून सिग्नल येत होते, उड्डाणपूल येत होते, मुहर्रकला जाणारा दुसरा पूल होत होता. हे सगळं गाडीवाल्यांसाठी. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला नुसता रस्ता ओलांडायचीही सोय नव्हती. फुटपाथ मध्येच संपायचा आणि पुढे वाळू. बसेस सकाळ-संध्याकाळ कामगारांच्या वेळेला धावायच्या, मधल्या वेळात नशिबावर. त्यामुळे आमच्यासारख्या बायका घराबाहेर पडायच्या त्या शुक्रवारी, नवऱ्याच्या सुट्टीला. माझे यजमान बँकेत होते. सकाळी गाडी घेऊन ते गेले की संध्याकाळपर्यंत मी, एसीचा आवाज आणि समोरच्या इमारतीची भिंत.

गजभिये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जिदहफ्समधली ती जुनी इमारत, खाली किराणा दुकान आणि सलून. गजभियेभाऊ एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत साइट सुपरवायझर होते. मूळचे नागपूरचे, इंदोऱ्याचे. हॉलमध्ये बुद्धाची मोठी तसबीर, तिच्याखाली मुलगी प्रज्ञाची शाळेतली सर्टिफिकेटं. वहिनी प्रज्ञाशी मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. भाऊ फार बोलके. शुक्रवारी आम्हा सगळ्यांना नवीन झालेला रस्ता दाखवायला न्यायचे. डांबरावर अजून पांढरे पट्टेही मारलेले नसायचे. "या रस्त्यावर तुम्हीच पहिले," असं म्हणून ते आमच्याकडे बघायचे. वहिनी मागच्या सीटवर बसून डब्यातला चिवडा वाटायच्या. तेव्हा त्या कुणाच्या लक्षात राहाव्यात अशा नव्हत्या. त्यांचं नाव सुलोचना आहे हेसुद्धा मला बऱ्याच उशिरा कळलं.

मग तो अपघात झाला.

जिदहफ्सच्या पश्चिमेला खजुराच्या बागांमधून एक नवा हायवे चालला होता. एका बाजूला गाव राहिलं आणि दुसऱ्या बाजूला गावकऱ्यांच्या बागा. गावातला एक म्हातारा जन्मभर ज्या वाटेने बागेत जात-येत होता, त्याच वाटेने अजूनही सायकलवर घासाचा भारा लादून यायचा. आता त्या वाटेच्या मध्ये अर्धवट रस्ता होता. तिथे कंपनीने वाहनांसाठी तात्पुरतं वळण काढलेलं होतं. अशा वळणावर अंधारात लुकलुकणारे पिवळे दिवे ठेवायचे असतात. ते बंद पडले होते, आणि भाऊंनी तसं ऑफिसात सांगितलंही होतं. एका संध्याकाळी अंधार पडता पडता भाऊ साइटवरून निघाले, वळणावर त्यांनी पिकअप वळवली आणि म्हातारा समोर आला. भाऊंनीच त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

भाऊ काही दिवस कोठडीत होते. सुटले तेव्हा त्यांचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला होता आणि निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही असा हुकूम होता. निकाल कधी, असं विचारलं की कंपनीचा माणूस म्हणायचा, "नेक्स्ट मंथ, इंशाल्ला." पासपोर्ट कोर्टात, त्यामुळे व्हिसाची मुदत संपली तरी नवा शिक्का मारता येईना. भाऊंचा व्हिसा नाही म्हणून वहिनींचा नाही, प्रज्ञाचा नाही. त्या दोघींना जायला कुणी अडवलं नव्हतं, पण एकदा गेल्या असत्या तर परत येता आलं नसतं. म्हणजे त्या माणसाला एकटं टाकून जायचं, नाहीतर तिघांनी इथेच बसायचं.

भाऊंना एकटं टाकण्यासारखी परिस्थितीच नव्हती. कंपनीने त्यांना साइटवरून काढून यार्डातल्या स्टोअरमध्ये बसवलं होतं. कंपनीच्या बसने जायचे, कंपनीच्या बसने यायचे, आले की खिडकीकडे पाठ करून बसायचे. स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. बोलणंही संपलंच. वर पावलांचा आवाज आला की मला कळायचं, तो वहिनींचाच.

अशात एकदा प्रज्ञाला ताप चढला आणि वहिनींनी टॅक्सीसाठी तिला भर दुपारी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत नेलं. त्या संध्याकाळी त्या खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, मी गाडी शिकतो म्हणते. प्रज्ञाच्या बाबाचा पासपोर्ट कोर्टात आहे, माझे पाय तर नाही ना."

शिकवणारा उस्ताद एक म्हातारा बहरीनी होता. तरुणपणी मुंबईला व्यापाऱ्यांच्या जहाजांवर येऊन-जाऊन असायचा, त्यामुळे हिंदी चांगलं बोलायचा. वहिनींनी नागपूरला सायकलसुद्धा चालवली नव्हती. त्यात इथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. पहिल्या दिवशी त्या सवयीने डावीकडे शिरल्या तेव्हा उस्ताद ओरडला नाही. त्याने स्टिअरिंग हळूच फिरवलं आणि म्हणाला, "बहनजी, सब लोग उधर जा रहे हैं, आप भी उधर चलो. अच्छा लगेगा." भाषेचं दोघांचं छान जमलं. रिव्हर्सचं मात्र काही केल्या जमेना. तीन वेळा पिंप पडलं. चौथ्या टेस्टच्या आदल्या दिवशी उस्ताद त्यांना म्हणाला, "आप ड्रम को देखती हो, इसलिए ड्रम को लगती हो. ड्रम को मत देखो. जगह को देखो."

चौथ्यांदा, व्हिसाचे शेवटचे काही आठवडे उरलेले असताना, त्या पास झाल्या. घरी येऊन त्यांनी लायसन भाऊंच्या हातात दिलं. भाऊंनी ते उलटसुलट पाहिलं, फोटोवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. म्हणाले, "संध्याकाळच्या वेळी चालवू नको."

जुनी, मरून रंगाची एक जपानी गाडी त्यांनी घेतली. तिचा एसी गाडी पळत असेल तरच गार हवा द्यायचा, सिग्नलला थांबली की गरम. वहिनी चपला काढून, अनवाणी चालवायच्या. किल्ली फिरवण्याआधी "नमो बुद्धाय" म्हणायच्या आणि फिरवल्यावर गाडीला "चल माय" म्हणायच्या. राउंडअबाउटची त्यांना सुरुवातीला फार भीती. आत शिरल्या की बाहेर पडायला धीर होत नसे, मग दोनदोन, तीनतीन फेऱ्या. मी मोजायला लागले की म्हणायच्या, "फिरू द्या जी. कोणाच्या बापाचं जाऊन राहिलं?" हॉर्न त्या कधीच वाजवायच्या नाहीत. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "इथं हॉर्न म्हणजे शिवी. अन् मले अरबीत शिव्या येत नाही."

हळूहळू आमच्या इमारतीतल्या, मग शेजारच्या इमारतीतल्याही बायका त्या गाडीत बसू लागल्या. कुणाला दवाखान्यात जायचंय, कुणाला बाब अल बहरीनच्या बाजारात कापड घ्यायचंय, कुणाचा पोरगा शाळेत पडलाय. वहिनी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. मीही त्यांच्यामुळे ते बेट पहिल्यांदा आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजेडात पाहिलं.

त्या वर्षांत आमच्या बाजूला अधूनमधून सरकारविरुद्ध गडबड व्हायची. टायर जळायचे, पोलीस रस्ते बंद करायचे, मग काही तास सगळं तसंच. एका दुपारी अशीच बातमी आली आणि शाळेच्या व्हॅन येईनाशा झाल्या. वहिनी मला घेऊन शाळेत गेल्या आणि इमारतीतली सगळी पोरं एकावर एक बसवून घेऊन निघाल्या. मी पुढे, मांडीवर कुणाची तरी दोन दप्तरं. जिदहफ्सच्या तोंडावर पोलिसाने अडवलं. हिंदी-उर्दू बोलणारा होता.

"कहाँ जा रही हो, बीबी?"

"घर."

"रास्ता बंद है. वापस जाओ."

"वापस कहाँ जाऊँ भैया?" वहिनी म्हणाल्या. "घर तो उधरही है."

त्याने आत वाकून पाहिलं. मागच्या सीटवरून सातआठ तोंडं त्याच्याकडे बघत होती. त्याने टोपी मागे सरकवली, एक सुस्कारा सोडला आणि अडथळा बाजूला ओढला. वहिनींच्या पाठीला घाम फुटला होता हे मला नंतर, त्या उतरल्यावर दिसलं.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या दुसऱ्या एका फेरीबद्दल.

लायसन मिळून थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी त्या म्हणाल्या, "ताई, तुमाले इंग्रजी येते. मायासंगं चाला." कुठे, ते रस्त्यात सांगितलं. त्या मेलेल्या म्हाताऱ्याच्या घरी जायचं होतं. मी म्हटलं, "वहिनी, केस चालू आहे. वकिलाला विचारलंत का?" त्या म्हणाल्या, "मैताच्या घरी भेटायले वकिलाले काय विचारायचं? तवाच जायले पाहिजे होतं. तवा गाडी नव्हती."

गाव लांब नव्हतं, पण नव्या हायवेवरून त्या बाजूला वळायला जागाच ठेवलेली नव्हती. खूप पुढे जाऊन, वळून, परत यावं लागलं. पांढरी बुटकी घरं, गल्ली अरुंद. दार एका तरुण मुलीने उघडलं. म्हाताऱ्याची मुलगी झहरा, शाळेत शिकवायची. आम्ही कोण ते मी इंग्रजीत सांगितलं. तिचा चेहरा बदलला. "माझी आई भेटणार नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. जोरात आपटलं नाही, नुसतं लावलं. वहिनी दारासमोर दोन क्षण हात जोडून उभ्या राहिल्या आणि आम्ही परत आलो.

काही आठवड्यांनी त्या मला पुन्हा घेऊन गेल्या. या वेळी झहराने आम्हाला बघितलं, आत जाऊन विचारून आली आणि आम्हाला आत घेतलं. खाली गालिच्यावर काळ्या पायघोळ अबायातली म्हातारी बसली होती. वहिनी तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता मला भाषांतर करावं लागणार. मग वहिनींनी मराठीतच, खाली मान घालून सांगितलं, "माय, माझ्या माणसाच्या हातून झालं. मी पाया पडायले आली." मी ते इंग्रजीत सांगितलं, झहराने अरबीत. म्हातारीने डोळे पुसले आणि चहा आणायला सांगितला.

चहा पिताना झहराच बोलली. "बाबा रोज चिडायचे. म्हणायचे, या लोकांनी वळण काढून ठेवलंय आणि दिवा नाही. एक दिवस कुणीतरी मरेल." तिने कप खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेच मेले."

परतीच्या वाटेवर मी वहिनींना म्हटलं, "ऐकलंत ना? दिवे नव्हते हे त्यांनाही माहीत आहे. कोर्टात त्यांनी सांगितलं तर भाऊ सुटतील. विचारायचं होतं."

वहिनींनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मी तिथं मागायले नव्हती गेली," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या अधूनमधून एकट्याच जायला लागल्या. म्हातारीला साखरेचा आजार होता, हॉस्पिटलच्या तारखा असायच्या, मुलगा सौदीत कामाला, झहराची सकाळची शाळा. त्या गावाला जायला धड बस नव्हती. वहिनी म्हातारीला न्यायच्या आणि आणून सोडायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. "काय बोलता?" मी विचारलं. "ती तिचं बोलते, मी माझं बोलते," वहिनी म्हणाल्या. "दवाखाना येऊन जाते."

दरम्यान कंपनीचा माणूस पुन्हा वर आला. मिठाईचा डबा घेऊन आला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. भाऊंनी कोर्टात एवढंच सांगायचं की दिवे लागलेले होते आणि चूक आपली झाली. मग शिक्षा नावापुरती, पासपोर्ट हातात, खलास. नाहीतर ही केस अशीच चालणार. तो गेल्यावर डबा बरेच दिवस टेबलावर तसाच बंद होता.

एका शुक्रवारी आम्ही बाजारातून परत येत होतो. वहिनी गाडी चालवत होत्या, भाऊ त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसलेले, मी आणि प्रज्ञा मागे. भाऊ डोळे न उघडताच म्हणाले, "सांगून टाकतो मी. तुझी माय आजारी आहे. प्रज्ञाची दहावी येते. किती दिवस बसायचं इथं?"

वहिनींनी ब्रेक दाबला. सिग्नल लाल होता, एसी गरम हवा टाकत होता.

"सांग ना," भाऊ म्हणाले. "सांगून टाकू?"

"दिवे लागले होते?" वहिनींनी विचारलं.

"नव्हते."

"मग?"

"त्यानं काय फरक पडून राहिला?"

"म्हातारा रोज घरी येऊन सांगे का दिवे नाही म्हणून," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही लागले होते म्हटलं, तर तो खोटा पडते. मेलेल्या माणसाले काहून खोटं पाडायचं?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. वहिनींनी गाडी पुढे काढली. भाऊंनी डोळे उघडले होते आणि ते समोर बघत होते. प्रज्ञाने खिडकीकडे तोंड वळवलं होतं. तिला मराठी सगळं कळत होतं.

पुढच्या थंडीत वहिनींची आई गेली. नागपूरहून फोन आला तो दुकानात, खाली, कारण गजभियांचा फोन बिल न भरल्यामुळे बंद होता. मी निरोप घेऊन वर गेले. वहिनी भाकरी थापत होत्या. ऐकून त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, भाजली, काढली, गॅस बंद केला. मग हात धुतले आणि गाडीची किल्ली घेतली. मी विचारलं नाही, त्यांच्यामागे उतरले.

त्या दिवशी त्यांनी "नमो बुद्धाय" म्हटलं नाही. मनामाच्या बाहेरून सित्रा, तिथून दक्षिणेकडे. तेलाच्या पाइपलाइनी रस्त्याच्या कडेने कितीतरी वेळ आमच्याबरोबर धावत होत्या. मग वाळवंट, मग एके ठिकाणी कुंपण आणि पुढे जाऊ नये अशी पाटी. तिथून पश्चिमेला, झल्लाकच्या किनाऱ्याने वर. रस्ता चांगला होता, रिकामा होता. त्या वेगात चालवत होत्या, एवढ्या वेगात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण कुठेही वळलं तरी थोड्या वेळाने समुद्रच. दुपार सरायच्या आधीच जिदहफ्सची पाटी पुन्हा दिसली.

"संपला देश," वहिनी म्हणाल्या. त्यांनी गाडी घराकडे वळवली नाही. सौदीला जाणाऱ्या पुलाचा रस्ता धरला.

टोल भरून आम्ही पुलावर गेलो. दोन्हीकडे पाणी, मध्ये लांबच लांब रस्ता. पुलाच्या मध्यावर एक बेट आहे. तिथवर लोक सहज फिरायला जायचे, उंच मनोऱ्यावरचं हॉटेल होतं. त्याच्या पुढे पासपोर्टचे गाळे आणि गाड्यांच्या रांगा. वहिनींनी गाळे दिसतील अशा जागी गाडी उभी केली. पलीकडच्या देशात त्या काळी बायकांना गाडी चालवायला बंदी होती.

"इथून पुढं मले चालवता येत नाही," त्या म्हणाल्या. "अन् प्रज्ञाच्या बाबाले जाता येत नाही." मग त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडत होत्या की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, पाठ हलत नव्हती. मग डोकं वर करून म्हणाल्या, "मायले मी गाडी चालवतो हे खरंच नाही वाटलं. फोनवर हासे नुसती."

दोन दिवसांनी झहरा आणि तिची आई आमच्या इमारतीत आल्या. म्हातारीला हॉस्पिटलला न्यायला वहिनी आल्या नाहीत म्हणून चौकशी करायला आल्या होत्या. मीच त्यांना वर घेऊन गेले. म्हातारी वहिनींच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात मांडीवर घेतला. झहराला मी सगळं सांगितलं, की आई गेली, आणि या जाऊ शकल्या नाहीत. "का नाही?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं केस केव्हाच संपली. मग व्हिसाचं, पासपोर्टचं, कंपनीच्या माणसाचं सगळं मी सांगितलं. भाऊ तिथेच कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून बसले होते. झहराने त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"दिवे होते का, हे आम्हाला कोर्टात कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

पुढच्या तारखेला ती गेली. तिचा सौदीतला भाऊही रजा काढून आला. त्यांनी सांगितलं की दिवे नव्हते, वडील रोज सांगायचे, गावातल्या आणखी दोघांनी पाहिलं होतं. त्यानंतरही दोनतीन तारखा पडल्या. मग निकाल लागला. भाऊंवर किरकोळ दंड, बाकीची जबाबदारी कंपनीवर. निकालानंतर काही दिवसांतच कंपनीने भाऊंना कामावरून कमी केलं आणि महिन्याच्या आत देश सोडायला सांगितलं. इतके दिवस जाऊ देत नव्हते, आता राहू देईनात.

गाडी एका केरळी नर्सने घेतली. वहिनींनी तिला एसीचं, दाराच्या कुलपाचं, सगळं समजावून सांगितलं. चपलांचा जोड पॅडलखाली राहिला होता तो काढून घेतला.

निघण्याच्या दिवशी आम्ही दोघं त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. दुपारचं विमान होतं. सामान फार नव्हतं. झहरा आणि तिची आई आधीच येऊन थांबल्या होत्या. म्हातारीने प्रज्ञाच्या हातात खजुराचा डबा दिला आणि वहिनींचं डोकं दोन्ही हातांत धरून अरबीत काहीतरी पुटपुटली. या वेळी झहराने भाषांतर केलं नाही, आणि वहिनींनीही ते काय म्हणून विचारलं नाही.

ते तिघं आत गेले. काचेतून पासपोर्ट तपासणीची रांग दिसत होती. वहिनींचा शिक्का झाला, प्रज्ञाचा झाला. भाऊंच्या वेळी अधिकाऱ्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं, आणि कुणाला तरी बोलावलं. दुसरा माणूस आला. दोघांनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग ते भाऊंना बाजूच्या खोलीत घेऊन गेले आणि दार बंद झालं.

बंदी उठली होती, पण ती कॉम्प्युटरमधून काढायची राहून गेली होती. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा काहीच कळत नव्हतं. माझे यजमान चौकशी करायला धावले, झहरा एका अधिकाऱ्याशी अरबीत बोलू लागली. आत वहिनी काउंटरच्या पलीकडे, भाऊंपासून एका रेषेइतक्या पुढे उभ्या होत्या. मागे येऊ शकत नव्हत्या, पुढे जात नव्हत्या. प्रज्ञा काहीतरी विचारत होती. वहिनी खाली फरशीवर बसल्या, पाठ भिंतीला लावून, आणि त्या बंद दाराकडे बघत राहिल्या. माणसं त्यांच्या बाजूने पिशव्या ओढत जात होती. विमानाची घोषणा झाली. पुन्हा झाली.

दार उघडलं आणि भाऊ बाहेर आले. हातात पासपोर्ट होता. ते तिथेच उभे राहिले, आता काय करायचं हे न समजल्यासारखे. वहिनी उठल्या. त्यांच्याजवळ गेल्या, पासपोर्ट त्यांच्या हातातून घेतला, उघडला, शिक्क्याचं पान शोधून नीट पाहिलं आणि तो पर्समध्ये टाकून चेन ओढली. मग त्यांनी भाऊंचं मनगट घट्ट धरलं, मोठा रस्ता ओलांडताना लहान मुलाचं धरतात तसं. प्रज्ञाला पुढे घातलं आणि तिघं चालायला लागले. आधी हळू, मग भराभर. वळणापर्यंत मला त्यांचा तो हात दिसत होता. त्यांनी तो सोडला नव्हता.